मनोरा कोणाच्या विजयाचा?

सालाबादप्रमाणे यंदाही संपादक मंडळींचा फोन आला. "काका, लेख पाहिजे. आणि या वेळी इतिहासाचं ओझं जरा कमी करा, सहलीबिहलीवर लिहा." सहल झाली होती खरी, आणि तीही चांगली ऐषआरामाची. पण लिहायला बसलो आणि तीनशे वर्षांचा इतिहास पुन्हा मानगुटीवर बसला. तेव्हा वाचकांनी हेच गोड मानून घ्यावे.

नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत आलो त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. या काळात फिरलो नाही असे नाही, पण आमचे फिरणे म्हणजे पहाटेची बस, सौ.च्या हातच्या दशम्या आणि स्टँडजवळचा स्वस्तातला लॉज. यंदा पोंगलच्या सुट्टीत बंगळूरहून कन्या आली ती फर्मान घेऊनच. "बाबा, आयुष्यभर तुम्ही आम्हाला नेलंत. आता मी नेणार. तुम्ही फक्त बसायचं." ऐसपैस इनोव्हा, तिच्यासोबत ड्रायव्हर, पाच दिवस, समुद्राकाठची नामांकित हॉटेले. खर्चाचा आकडा ऐकून माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईने कपाळाला हात लावला. "एवढ्या पैशात काशी झाली असती गं!" पण गाडीत बसल्यावर दहा मिनिटांत तिला थंडगार झोप लागली, हेही नमूद केले पाहिजे.

ड्रायव्हर पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळावर विभूती, बोलणे मोजके. आम्ही त्यांना अण्णा म्हणू लागलो.

पहिला मुक्काम महाबलीपुरम. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले असल्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. सातव्या शतकात पल्लव राजा नरसिंहवर्मन पहिला याने तेथे अखंड खडकातून रथ कोरवले, आणि आठव्या शतकाच्या आरंभी राजसिंह म्हणजे नरसिंहवर्मन दुसरा याने समुद्राला लागून दगडी देऊळ उभारले. १९८४ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशात घेतला. बाराशे-तेराशे वर्षे लाटा आणि खारे वारे सोसलेल्या त्या देवळापुढे उभे राहिले की माणूस गप्प होतो. माझी मात्र एक खोड आहे. कुठेही गेलो की 'इथे आपले कोणी आले होते का?' हा प्रश्न मनात येतो. महाबलीपुरमला त्याचे उत्तर मिळाले नाही. पुढच्या प्रवासात मात्र ते इतके मिळाले की अखेरीस मी जरा अस्वस्थच झालो.

दुसऱ्या दिवशी पाँडिचेरीला पोचलो. आता तिला पुदुच्चेरी म्हणायचे, पण जुनी सवय जात नाही. हॉटेल असे की एकेका पलंगावर सहा-सहा उशा. आईने विचारले, "यातली डोक्याला कुठली?" रात्री बाल्कनीतून समुद्र पाहता पाहता मी कन्येला फ्रान्स्वा मार्टिनची गोष्ट सांगितली. पाँडिचेरीच्या फ्रेंच वसाहतीचा पाया घालणारा हाच माणूस. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयासाठी आले, जिंजी घेतली, आणि विजापूरचा या भागातील सुभेदार शेरखान लोदी याचा पराभव केला. फ्रेंचांना पाँडिचेरीची जागा मिळाली होती ती याच शेरखानाकडून, त्यामुळे मार्टिनच्या पोटात गोळा उठला. त्याने जर्में नावाचा आपला माणूस महाराजांच्या छावणीत पाठवला. त्या छावणीचे वर्णन मार्टिनने लिहून ठेवले आहे. थाटमाट नाही, बायकांचा लवाजमा नाही. जाड्याभरड्या कापडाचे फक्त दोन लहान तंबू, एक महाराजांचा आणि एक त्यांच्या प्रधानाचा.

कन्येने मागे वळून खोलीतल्या उशांकडे पाहिले आणि हसली. मी खाली वाकून पाहिले तर आवारात आमची गाडी उभी होती आणि तिच्या काचेआड पुढची सीट मागे पाडून अण्णा झोपले होते. हॉटेलात ड्रायव्हरसाठी खोली नव्हती. मी ते पाहिले आणि पडदा ओढून घेतला. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण घडले ते असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडलूर. येथे देवनांपट्टिणम नावाची जागा आहे. गडिलम नदी समुद्राला मिळते त्या बाजूला एक किल्ला होता, इंग्रजांचा फोर्ट सेंट डेव्हिड. इंग्रजांचा म्हणतो खरा, पण त्यांनी तो जिंकला नव्हता. आपल्याकडून विकत घेतला होता.

ही हकिगत आपण नीट समजून घेतली पाहिजे. १६८९ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. त्यानंतर रायगडही गेला. राजाराम महाराज वेषांतर करून, शेकडो मैल तुडवून त्याच वर्षअखेरीस जिंजीला पोचले. जिंजी तेव्हा मराठी राज्याची राजधानी झाली. पाठोपाठ झुल्फिकारखान वेढा घालायला आला, तो वेढा १६९८ पर्यंत रेंगाळला. सैन्याला पगार हवा, दारूगोळा हवा आणि खजिना रिकामा. अशा वेळी १६९० साली समुद्रकाठचा हा किल्ला इंग्रजांना विकण्यात आला. त्या वेळी मद्रासचा गव्हर्नर होता एलिहू येल. अमेरिकेतील प्रसिद्ध येल विद्यापीठाला ज्याचे नाव आहे तोच हा.

खरेदीची अट मोठी चमत्कारिक होती. किल्ल्यासोबत मुलूख किती द्यायचा? तर किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा जिथवर जाईल तिथवरची गावे इंग्रजांची! इंग्रज व्यापारीच ते. त्यांनी मुद्दाम लांब पल्ल्याची तोफ आणि तरबेज गोलंदाज मद्रासहून पाठवला. गोळे चहूबाजूंना सुटले आणि जिथे पडले तिथे सरहद्द झाली.

मी हे सांगत होतो तेवढ्यात अण्णा प्रथमच आपण होऊन बोलले. "सर, इथं जवळच गुंडु उप्पलवाडी आहे. गुंडु म्हणजे गोळा, तोफेचा." तमिळमध्ये त्या गावांना गुंडु ग्रामम म्हणजे गोळ्याची गावे म्हणत आले आहेत. मराठ्यांच्या एका व्यवहाराची आठवण अशी गावाच्या नावात राहून गेली आहे.

"म्हणजे बाबा, आपण विकून टाकला?" कन्येने विचारले.

"विकला. पण त्या पैशाची गरज कोणाला होती ते बघ." मी उत्तर दिले. जिंजी आठ वर्षे लढली आणि तिकडे महाराष्ट्रात संताजी-धनाजींनी मोगलांना सळो की पळो केले. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी ही जिंजी. बातमी आली तेव्हा आपल्या मंडळाच्या ग्रुपवर किती अभिनंदनाचे संदेश पडले ते आठवत असेल. पण त्याच जिंजीच्या दरबारातून झालेल्या विक्रीचा पुढचा भागही सांगायला हवा. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास घेतले तेव्हा या किनाऱ्यावर इंग्रजांना पाय टेकायला उरला तो हाच फोर्ट सेंट डेव्हिड. पुढे काही वर्षे त्यांचा कारभार येथूनच चालला. रॉबर्ट क्लाइव्हही १७५६ मध्ये येथे अधिकारी होता. १७५८ साली फ्रेंच सेनापती लालीने किल्ला घेऊन जमीनदोस्त केला, पण तोवर इंग्रज सावरले होते. आज तेथे किल्ला म्हणावे असे फारसे काही नाही. समुद्र, वाळू आणि थोडे अवशेष.

दुपारी परंगीपेट्टै मागे टाकून तरंगंबाडीला गेलो. गाणाऱ्या लाटांचे गाव, असा या नावाचा अर्थ सांगतात. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने डॅनिश लोकांना येथे व्यापाराची परवानगी दिली आणि त्यांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला. फिकट पिवळ्या रंगाचा हा किल्ला वाळूत उभा आहे. शेजारीच पांड्यकालीन मासिलामणीनाथाचे देऊळ आहे. समुद्राने त्याचा बराच भाग गिळला आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या गावाला जे झोडपले ते आपण चेन्नईकरांना वेगळे सांगायला नको.

१७०६ साली येथे त्सीगेनबाल्ग हा जर्मन मिशनरी उतरला. त्याने तमिळ शिकून घेतली, छापखाना आणवला, आणि १७१५ पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापला. पुढे १७५० साली याच बंदरात श्वार्ट्झ नावाचा दुसरा जर्मन पाद्री आला. तो तंजावरच्या मराठी दरबारात इतका विश्वासाचा झाला की १७८७ मध्ये मरणापूर्वी तुळजाजी राजांनी आपल्या लहान दत्तक मुलाला त्याच्यावर सोपवले. तो मुलगा म्हणजे सरफोजी राजे भोसले, दुसरे. व्यंकोजी राजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, त्या गादीचा हा वारस. १८४५ साली डॅनिशांनी तरंगंबाडी इंग्रजांना विकून टाकली. या किनाऱ्यावर विक्रीचा धंदा जोरात होता म्हणायचा!

चौथा दिवस मी मुद्दाम मागून घेतला होता. नागपट्टणम, वेलंकण्णी करत, मिठागरे आणि खाडीचे पाणी बघत आम्ही मल्लिपट्टिणमजवळच्या मनोऱ्याला पोचलो. पर्यटक येथे कमीच येतात. या जागेचे नाव सरभेंद्रराजपट्टिणम. सरभेंद्र म्हणजे आपले सरफोजी राजे. षट्कोनी, आठ मजली बांधणीचा, भोवती तट आणि खंदक असलेला हा मनोरा १८१४-१५ मध्ये त्यांनी बांधला. तमिळ माणूसही त्याला 'मनोरा'च म्हणतो. हा आपला शब्द ऐकून आईला कोण आनंद! ती तटाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बघ, इतक्या लांब समुद्राकाठी आपल्या माणसानं केवढं बांधून ठेवलंय. कुठली लढाई जिंकली रे?"

आता आली का पंचाईत! आपल्या माणसाने कुठलीही लढाई जिंकली नव्हती. मनोरा आहे तो इंग्रजांच्या विजयाचा आणि नेपोलियनच्या पाडावाचा. पुष्कळजण वॉटर्लूचे स्मारक म्हणून सांगतात, पण शिलालेखावर साल १८१४ आहे. त्या वर्षी नेपोलियनने प्रथम राजत्याग केला आणि त्याची रवानगी एल्बा बेटावर झाली. वॉटर्लू पुढच्या वर्षीचे. मराठीसह अनेक भाषांत लेख कोरले आहेत आणि त्यात राजांनी स्वतःला इंग्रज सरकारचे मित्र म्हटले आहे.

१७९८ मध्ये इंग्रजांच्या मदतीने गादी मिळाली आणि १७९९ च्या ऑक्टोबरमध्ये तहावर सही करून राज्याचा सगळा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांच्या हाती उरले तंजावरचा किल्ला, तनखा आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. एका मराठी राजाने दुसऱ्याच्या विजयासाठी आठ मजले चढवावेत! जाड्याभरड्या कापडाचे ते दोन तंबू मला आठवले. आईला काय सांगावे कळेना. "इंग्रजांच्या लढाईचा आहे," एवढेच म्हणालो. ती काही बोलली नाही. पदर सावरून उठली आणि गाडीत जाऊन बसली. खरे सांगायचे तर मला लाज वाटली.

परतीच्या वाटेवर पट्टुकोट्टै ओलांडल्यावर अण्णा म्हणाले, "सर, पुढं ओरत्तनाडू माझं गाव. पाच मिनिटं थांबलं तर चालेल?" मी होय म्हटले. त्यांनी गाडी थेट एका जुन्या प्रशस्त वास्तूसमोर नेली. दगडी ओटे, कोरीव खांब, आत चौक. "मुक्तांबाळ छत्रम," ते म्हणाले. "माझी शाळा इथली. आम्हा चार भावंडांत शिकलो तो मी एकटा, तो इथं राहायची-जेवायची सोय होती म्हणून. आमच्या लहानपणी सगळे म्हणायचे, मराठा राजानं बांधलंय." मग आईकडे वळून, तिला कळो न कळो, तमिळमध्ये म्हणाले, "पाट्टी, तुमच्या राजाच्या घरी जेवलोय मी." मी त्याचे मराठी करून सांगितले तेव्हा आईने तिथल्या तिथे त्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

छत्रम म्हणजे आपले अन्नछत्र. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर मराठी राजांनी आणि राण्यांनी अशी अनेक छत्रे उभारली. हे ओरत्तनाडूचे छत्र सरफोजींनी १८०२ मध्ये मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधले. राज्य गेल्यावर ही छत्रेही इंग्रजांच्या हाती जाणार अशी वेळ आली, तेव्हा १८०१ च्या जानेवारीत राजांनी रेसिडेंट टॉरिन यांना एक पत्र लिहिले. माझ्या मते तंजावरच्या मराठी राज्याचा तो सर्वांत मोठा दस्तऐवज आहे. छत्रांत काय काय होते ते त्यांनी तपशीलवार सांगितले आहे. येणारा कोणत्याही जातीचा असो, जोगी असो, जंगम असो, बैरागी असो, त्याला शिजवलेला भात मिळतो. ज्याला शिजवलेले चालत नाही त्याला शिधा मिळतो. आजारी वाटसरूला वैद्य आणि औषध. बाळंतिणीची काळजी, तान्ह्या मुलांना दूध. पोरक्या मुलांना शिक्षण. कोणी वाटेत मरण पावला तर त्याच्या त्याच्या रीतीने अंत्यसंस्कार. आणि अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चालते. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करतात, कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे.

राज्य सोडताना माणूस काय धरून ठेवू पाहतो यावरून त्याची पारख होते असे मला त्या ओट्यावर बसून वाटले. सरफोजींनी धरून ठेवली ती छत्रे आणि पुस्तके. १८०५ च्या सुमारास तंजावरात त्यांनी देवनागरी छापखाना घातला. त्सीगेनबाल्गचा छापखाना आणि श्वार्ट्झची शिकवण कुठे रुजली ते यावरून दिसते. सरस्वती महालात त्यांनी देशोदेशीचे ग्रंथ आणवले. तेथे आज तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. पाचव्या दिवशी आम्ही तो पाहिला. आई एकेक अक्षर लावत, बोट फिरवत उभी होती. १८३२ मध्ये सरफोजी गेले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी राजे वारल्यावर औरस पुत्र नाही म्हणून इंग्रजांनी उरलेसुरलेही खालसा केले. मनोऱ्याचे समर्थन मी आजही करणार नाही. पण त्या एका मनोऱ्यावरून सरफोजींचा हिशेब मिटवून टाकणेही मला आता जमणार नाही.

ओरत्तनाडूला अण्णांनी आम्हा सगळ्यांना कॉफी पाजली. मी पाकीट काढले तर हात धरला. "सर, हे माझं गाव."

मंडळी, आता शेवटचे आणि जरा अवघड. मागच्या सर्वसाधारण सभेत महाप्रसादाला कूपन लावण्याचा ठराव आला होता. सभासद आणि त्यांचे पाहुणे एवढ्यांनाच प्रसाद, कारण गर्दी आवरत नाही आणि खर्च वाढतो. ठराव मांडणारा मीच होतो. कारणे खोटी नव्हती. पण त्या दिवशी मंडपाबाहेर गाड्यांत बसलेले ड्रायव्हर, गेटवरचा पहारेकरी, मांडव घालणारी पोरे कूपन नाही म्हणून तशीच राहिली, हेही मी पाहिले होते. पाँडिचेरीला पडदा ओढला तसा तेव्हाही ओढला.

आपण परमुलखात आलेली माणसे. अडीचशे वर्षे लोटल्यावर इथला कोणी आपले नाव कशासाठी काढील? तंजावरच्या मराठ्यांचे नाव एका ड्रायव्हरने माझ्या आईसमोर काढले ते भातासाठी. तेव्हा तो ठराव मी येत्या सभेत मागे घेत आहे. जादा खर्चापैकी पाच हजार रुपये माझ्याकडून धरावेत. आणखी एक विनंती. पंगती उठल्या की आरतीची मोठी घंटा एकदा मंडपाच्या बाहेर नेऊन वाजवावी, आणि कोणी जेवायचे राहिले आहे का, असे मोठ्याने विचारावे. मराठीत विचारावे आणि तमिळमध्येही. घंटा वाजवायला मी उभा राहीन.

गणपती बाप्पा मोरया!